कालव्यातले मासे मोजताना या चुका टाळा

कालवा म्हणजे नदी नव्हे. खान्देशात मासे आणि पाणी तपासायला निघालेले नवे लोक नेमकं हेच विसरतात. कालव्याचं पाणी आवर्तनावर, म्हणजे ठरावीक पाळ्यांनी सोडण्यावर, चालतं. दरवाजा उघडला की मासे पांगतात, बंद झाला की उरलेल्या डोहांत कोंडतात.

गिरणेवरच्या जामदा बंधाऱ्याच्या डाव्या कालव्यावर एका कॉलेजची मुलं सर्वेक्षणाला आली होती. आवर्तन नुकतंच संपलेलं. एका डोहात फेकजाळं टाकलं, तर रोहू, कटला, तिलापियांनी गच्च भरून आलं. काठावरचे भोईदादा म्हणाले, "पानी बंद व्हयनं, मासा डोहमा आडकनात." कुणी ते वहीत उतरवलं नाही. अहवालात 'मासे विपुल' असं गेलं. पुढच्या आवर्तनात त्याच जागी तेच जाळं रिकामं निघालं, तेव्हा पाणी दूषित झाल्याची ओरड सुरू झाली. पाण्याला काहीही झालेलं नव्हतं!

म्हणून मी आधी पाटकऱ्याला, म्हणजे कालव्याचं पाणी सोडणाऱ्या माणसाला, फोन करतो. वहीत पहिली ओळ पाण्याची: कधी सुटलं, पातळी किती. मग जाळ्याची आस (भोकाचा आकार) आणि जाळं किती वेळ पाण्यात होतं. एवढं नसेल तर माशांचा कितीही मोठा आकडा निरर्थक आहे. वाहत्या पाण्यात एकदा आणि पाणी बंद झाल्यावर एकदा, अशा दोन्ही फेऱ्या हव्यात. ज्यांना घाई आहे त्यांनी एकच करावी, पण तिला सर्वेक्षण म्हणू नये.

दुसरी चूक, दुपारी बाटल्या भरणं. साचलेल्या, शेवाळलेल्या पाण्यात ऊन असेपर्यंत प्राणवायू चढत जातो आणि रात्रभरात खर्च होऊन पहाटे तळ गाठतो. मासा गुदमरतो तो पहाटे. ३० अंशांच्या पाण्यात मुळात लिटरला साडेसात मिलिग्रॅमच्या आसपासच प्राणवायू मावतो. दुपारी ११ मिलिग्रॅम आला तर खूश होऊ नका, तो शेवाळाचा आकडा आहे. उजाडायच्या आत काठावर पोहोचा, दुपारी पुन्हा मोजा, दोन्ही वेळा लिहा. बाटली बुडबुडा न ठेवता भरा आणि प्राणवायू पकडून ठेवणारी रसायनं, मँगनीज सल्फेट व अल्कली आयोडाइड, तिथेच घाला. रसायनं न घातलेली बाटली मोटरसायकलवरून जळगावला नेऊन प्रयोगशाळेत उघडणं म्हणजे सगळी मेहनत वाया.

पीएच मीटर दर फेरीआधी ७ आणि १० पीएचच्या बफरला (ठरावीक पीएचच्या द्रावणाला) लावून घ्या. एकाच आसेचं जाळं वापरलं तर लहान मासे निसटतात, आणि मग 'पिल्लं नाहीत' असा खोटा निष्कर्ष निघतो. रावेर-यावलकडे केळीला खत दिल्यानंतर नायट्रेट तपासाल, तर खताची तारीखही शेतकऱ्याला विचारा. मासा ओल्या हातानं धरा, मोजा, लगेच सोडा.

वाहत्या अस्तरीकरण केलेल्या कालव्यात कधीही उतरू नका. उतार शेवाळानं निसरडा असतो, हाताला धरायला काही मिळत नाही. दोर आणि सोबतीला माणूस नसेल, तर नमुना पुलावरून बादलीनं घ्या.