मशीन लावताना या चुका टाळा

सर्वेची मोजणी चुकली की पहिला संशय मशीनवर. लगेच कॅलिब्रेशनला पाठवायची घाई. पण बहुतेक वेळा मशीन ठीक असतं, घोळ खालच्या स्टँडच्या तीन पायांत असतो.

टोटल स्टेशनवर (कोन आणि अंतर मोजणाऱ्या मशीनवर) रोज दिसणारी चूक म्हणजे स्टँड कसाबसा उघडायचा, मशीन चढवायचं आणि लेव्हलचा बबल मध्यात आणायला फुटस्क्रू (मशीनखालचे तीन स्क्रू) पिळत सुटायचं. बबल येतो तोवर प्लमेटचा (मशीनच्या बरोबर खालची जागा दाखवणारा) ठिपका जमिनीतल्या खुणेच्या खिळ्यापासून दोन बोटं लांब. सेंटरिंग केलं, म्हणजे ठिपका खिळ्यावर आणला, की बबल पळाला. शेवटी एक फुटस्क्रू टोकाला जाऊन अडकतो. आधी तिन्ही फुटस्क्रू मधल्या खुणेवर आणा. स्टँडचं डोकं नजरेने सपाट करून शूज (स्टँडच्या पायांची टोकं) पायाने दाबा. मग फुटस्क्रूने ठिपका खिळ्यावर आणा, बबल वाकडा असला तरी. गोल बबल आणायचा तो पायांची लांबी कमी-जास्त करून. ठिपका फारसा हलत नाही. बारीक लेव्हल पुन्हा फुटस्क्रूने, मशीन 90 अंश फिरवून तपासायची. उरलेले दोन-तीन मिलिमीटर मधला स्क्रू सैल करून ट्रायब्रॅक (मशीनची खालची बैठक) सरकवत घालवा. सरळ सरकवा, फिरवू नका. मग बबल परत बघा. हात बसला की पाच मिनिटांचं काम, पण नवशिक्यांना तेवढाही धीर नसतो.

मुंबईत जमिनीवर भरवसा ठेवायचा नाही. पेव्हर ब्लॉक डुगडुगतात, भराव दबतो, मे महिन्यातलं डांबर तर लोणी. उपनगरात ड्रेनेजच्या एका कामावर ऑटो लेव्हल (उंचीतला फरक मोजणारं मशीन) सकाळी डांबरावर लावलेली. बबल दिवसभर मध्यात, त्यामुळे कुणाला शंका नाही. संध्याकाळी बीएमवर (बेंचमार्क, उंची ठाऊक असलेली खूण) स्टाफ (आकड्यांची उभी पट्टी) धरला तर वाचन 8 मिलिमीटरने कमी! तिन्ही शूज सारखेच रुतले होते. मशीनमधला कॉम्पेन्सेटर थोडा कल सांभाळून घेतो, खाली गेलेली उंची त्याला कळत नाही. कधी रुतलं हे कुणालाच ठाऊक नाही, म्हणजे दिवसभराची वाचनं बाद. शूजखाली फळीचे तुकडे द्या, छत्री धरा, तासाभराने बीएम वाचा. खलाशी (सर्वेचा मदतनीस) कुरकुरेल, कुरकुरू दे.

लॉबीतल्या गुळगुळीत लादीवर स्टँडचे पाय घसरू नयेत म्हणून दोरीने बांधा.

एसी गाडीतून काढलेल्या मशीनच्या काचेवर दव धरतं. पेटी सावलीत उघडून वीस मिनिटं थांबा.

दुर्बिणीतल्या क्रॉसहेअरच्या रेषा आधी आयपीसने (डोळ्याजवळच्या भिंगाने) ठळक करा, मग स्टाफ फोकस करा. उलट केलंत तर डोळा हलला की वाचन हललं.

प्रिझम (अंतर मोजताना किरण परतवणारी काच) बदलला की मशीनमधला त्याचा कॉन्स्टंट (अंतरात धरायची ठरावीक दुरुस्ती) बदला. नाहीतर प्रत्येक अंतरात तीच चूक बसते आणि बबल मात्र मध्यात.

जेवायला जाताना मशीन स्टँडवर सोडलंत तर परतल्यावर आधी बॅकसाइट (मागच्या ठाऊक बिंदूवरचं वाचन) तपासा. मधल्या वेळात शेजारून डंपर गेलेला असतो.