स्पिंडल शेपर: बसवणी, कामाची पद्धत आणि देखभाल

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतल्या सुतारशाळांत दारांच्या चौकटी, पॅनेले आणि देव्हाऱ्याच्या कमानी यांना गोलाई किंवा खाच देण्यासाठी उभ्या स्पिंडलचे, म्हणजे कटर बसवलेल्या उभ्या फिरत्या दांड्याचे, शेपर यंत्र वापरतात. यात कटर टेबलाच्या वर फिरतो आणि लाकूड बहुधा हातानेच त्याच्याकडे सरकवले जाते. त्यामुळे लाकूड अडकले, तर ते मागे फेकले जाण्याचा आणि त्याच्या ओढीने हात कटरपर्यंत जाण्याचा धोका कायम असतो. पुढील सूचना हे लक्षात ठेवूनच वाचाव्यात.

यंत्र सपाट काँक्रीटवर बोल्टने आवळून बसवावे आणि अर्थिंग तपासून घ्यावे. सात फुटी चौकटीची पट्टी पूर्ण सरकवता यावी, इतकी मोकळी जागा आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या अशा दोन्ही बाजूंना हवी. स्टार्टर असा घ्यावा की वीज गेल्यावर तो आपोआप सुटेल आणि वीज परत आली तरी बटण दाबल्याशिवाय यंत्र चालू होणार नाही. आपल्या खेड्यापाड्यांत वीज केव्हा जाईल आणि केव्हा येईल याचा भरवसा नसल्याने ही तरतूद टाळू नये.

थ्री-फेज जोडणीत दोन तारांची अदलाबदल झाली, की मोटर उलटी फिरू लागते. आमच्या शेडमध्ये एका पावसाळ्यात बाहेरच्या लाइनचे काम झाल्यानंतर असेच घडले होते. कटर चढवण्याआधी यंत्र रिकामे चालवून पाहिल्यामुळे ते वेळीच लक्षात आले. उलट्या फिरण्याने स्पिंडलवरचा नट सैल होऊ शकतो आणि लाकूड कटरच्या फिरण्याच्या दिशेनेच सरकवले जाऊन हातातून ओढले जाते. बहुतेक यंत्रांत स्पिंडल वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो आणि लाकूड उजवीकडून डावीकडे, म्हणजे धारेच्या विरुद्ध, सरकवले जाते. लाइनवर किंवा मोटरवर कोणतेही काम झाले की कटर काढून दिशा तपासावी, आणि ती चुकीची असल्यास वायरमनकडून तारा बदलून घ्याव्यात.

कटर बदलताना स्विच बंद करणे पुरेसे नाही. मुख्य पुरवठाच तोडावा. स्पिंडल, कॉलर (कटरच्या वर-खाली बसणाऱ्या कड्या) आणि कटरचे भोक कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे, कारण भुशाचा एक कण राहिला तरी कटर वाकडा बसून थरथरतो. नट आवळल्यावर स्पिंडल फिरू नये म्हणून लावलेली लॉकपिन काढली का, हे पाहावे आणि हाताने एक पूर्ण फेरा देऊन कटर फेन्सला (लाकूड टेकवून सरकवण्याच्या उभ्या आधाराला) वा टेबलाला लागत नाही याची खात्री करावी. जुन्या सुतारशाळांत खाचेच्या दोन कॉलरमध्ये साध्या पात्या दाबून बसवण्याची पद्धत अजून दिसते. अशी पाती केवळ दाबावर टिकते आणि सुटली की गोळीसारखी उडते, म्हणून हा प्रकार बंदच करावा आणि पाती ब्लॉकमध्ये अडकून राहील असा कटर वापरावा.

वेग कटरच्या व्यासावरून ठरतो. १२० मिलिमीटरचा कटर मिनिटाला ७,००० फेऱ्यांनी फिरला, तर धारेचा वेग सेकंदाला सुमारे ४४ मीटर होतो. १६० मिलिमीटरच्या कटरसाठी तोच आकडा ५८ च्या पुढे जातो. कटर मोठा असेल तेव्हा फेरे कमी करावेत आणि कटरवर कोरलेली कमाल मर्यादा कधीही ओलांडू नये.

फेन्समधील फट कटरपुरतीच ठेवावी. शक्य असेल तेथे कटर लाकडाच्या खालून चालेल अशी मांडणी करावी, म्हणजे लाकूडच धारेवर झाकण होते. लाकूड एकदा सरकवताना दोन-तीन मिलिमीटरच काढावेत आणि लाकूड फणीच्या दाबपट्ट्यांनी टेबलाला व फेन्सला टेकलेले ठेवावे. पॅनेलच्या आडव्या टोकांना आधी गोलाई द्यावी आणि लाकडाच्या रेषेच्या दिशेच्या कडा नंतर कराव्यात, म्हणजे टोकाला उडालेली चीर पुढच्या फेरीत निघून जाते. अगदी लहान तुकडे हाताने धरू नयेत. रुंद फळीला आकार देऊन मगच पट्टी कापावी. वाकड्या कमानीसाठी फेन्स काढावाच लागतो, तेव्हा गाइड रिंग (स्पिंडलवरची, लाकूड किंवा साचा टेकवण्याची कडी) आणि सुरुवातीला लाकूड टेकवायची टेकणखुंटी यांशिवाय काम करू नये. हातमोजे, सैल बाह्या, मनगटातले कडे किंवा धागा, खांद्यावरचा पंचा या गोष्टी यंत्रापासून दूर ठेवाव्यात. चष्मा आणि कानांचे संरक्षण मात्र हवेच.

सागवानात सिलिका असल्याने साध्या पोलादाची धार लवकर बोथट होते. कडेला जळका डाग दिसू लागला किंवा जास्त जोर लावावा लागला, तर कटर उतरवावा. रोजच्या सागवानी कामाला कार्बाइडची टीप परवडते. धार लावताना दोन्ही पात्यांचे वजन आणि बाहेर येणारी लांबी सारखी राहिली पाहिजे. पट्ट्याचा ताण महिन्यातून एकदा पाहावा. बेअरिंग सीलबंद असेल तर त्यात तेल ओतू नये. घरघर वाढली की ते बदलावे.

जून ते सप्टेंबर खानापूरकडील दमट हवेत टेबलावर आठवड्यातच गंज धरतो, तेव्हा काम संपल्यावर ते पुसून मेणाचा पातळ हात द्यावा. अथणीकडच्या कोरड्या भागात हे कमी वेळा केले तरी चालते. सिलिकॉनचा फवारा वापरू नये, कारण त्याचा अंश लाकडावर गेला की पॉलिश नीट बसत नाही. उतरवलेले कटर रॉकेलने चीक काढून, कोरडे करून, तेलाचा हलका हात देऊन लाकडी पेटीत वेगवेगळ्या खणांत ठेवावेत. धार धारेला लागू देऊ नये.