घरच्या वाय-फायवर फाइल शेअरिंग चालत नाही? या चुका टाळा

एका विंडोज लॅपटॉपवरचा फोल्डर दुसऱ्यावर उघडेना की बहुतेक जण आधी फायरवॉल (बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारी सोय) बंद करतात आणि मग खात्याचा पासवर्ड काढून टाकतात. फायरवॉल बंद केल्याने संगणक उघडा पडतो. पासवर्ड काढल्याने तर शेअरिंग बंदच पडू शकतं. त्याचं कारण पुढे येईलच. त्याआधी ‘दिसत नाही’ आणि ‘उघडत नाही’ या दोन तक्रारी वेगळ्या करून घ्या, कारण दोन्हींची दुरुस्ती वेगळ्या ठिकाणी होते.

‘नेटवर्क’च्या यादीवर विसंबणं

फाइल एक्सप्लोररमधलं ‘नेटवर्क’ रिकामं दिसलं म्हणजे शेअरिंग बंद आहे, असं नाही. समोरच्या संगणकाने स्वतःची घोषणा केली तरच त्याचं नाव त्या यादीत येतं. ही घोषणा करणारी सेवा वेगळी आणि फाइल देणारी वेगळी. त्यामुळे यादी बाजूला ठेवा आणि थेट पत्ता टाकून बघा.

ज्या संगणकावर फाइल्स आहेत, त्यावर कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग (ipconfig) ही आज्ञा द्या. वाय-फाय अ‍ॅडॉप्टरखाली आयपीव्ही४ (IPv4) पत्ता, म्हणजे त्या संगणकाचा नेटवर्कवरचा क्रमांक, मिळेल, तो १९२.१६८.१.५ आहे असं धरू. दुसऱ्या संगणकावर विंडोज की आणि आर एकत्र दाबा, दोन उलट्या तिरप्या रेघा (\\) टाकून पुढे तो पत्ता इंग्रजी अंकांत लिहा आणि एंटर करा. आता काय होतं त्यावर पुढची दिशा ठरते.

फोल्डर दिसले, तर बिघाड फक्त घोषणेत आहे. फाइल्स असलेल्या संगणकावर ‘सर्व्हिसेस’ उघडा, ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’ ही सेवा सुरू करा आणि तिचा प्रकार ‘ऑटोमॅटिक (डिलेड स्टार्ट)’ ठेवा. नाव आणि पासवर्ड विचारला गेला, तर वैतागू नका: रस्ता मोकळा आहे, फक्त किल्ली जुळत नाहीये. बराच वेळ फिरून ‘नेटवर्क पाथ सापडला नाही’ असं आलं (या त्रुटीचा क्रमांक ८००७००३५ वर संपतो), तर बहुतेक वेळा रस्ताच अडलेला असतो.

पिंगला (समोरचा संगणक उत्तर देतो का ते तपासणाऱ्या आज्ञेला) उत्तर येत नाही म्हणून पत्ता चुकीचा ठरवू नका. विंडोजची फायरवॉल बाहेरून आलेलं पिंग अडवू शकते.

रस्ता कुठे अडतो

सर्वांत आधी नेटवर्कचा प्रकार बघा. नव्या वाय-फायला जोडताना विंडोज त्याला ‘पब्लिक’ धरू शकतं आणि तसं झालं की इतर संगणकांसाठी दार लावून घेतं. सेटिंग्जमध्ये वाय-फायच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ते ‘प्रायव्हेट’ करा. मग ‘अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज’मध्ये प्रायव्हेटखाली नेटवर्क डिस्कव्हरी आणि फाइल व प्रिंटर शेअरिंग दोन्ही चालू करा. फायरवॉल बंद करण्याची गरज उरत नाही. वेगळा अँटिव्हायरस असेल तर त्याची स्वतःची फायरवॉल असू शकते. तिथेही घरचं नेटवर्क विश्वासू म्हणून नोंदवावं लागतं.

दुसरी जागा राउटर. एक संगणक गेस्ट (पाहुण्यांसाठीच्या) वाय-फायवर आणि दुसरा मुख्य वाय-फायवर असेल, तर ते सहसा एकमेकांना सापडत नाहीत. गेस्ट नेटवर्क असतंच त्यासाठी. काही राउटरांत ‘एपी आयसोलेशन’ किंवा ‘क्लायंट आयसोलेशन’ नावाची खूण मुख्य नेटवर्कवरही लागलेली असते. मग इंटरनेट झकास चालतं, पण शेजारचा लॅपटॉप सापडत नाही.

तिसरी चूक घरात दोन राउटर असले की होते. इंटरनेट कंपनीचा एक आणि त्याला जोडलेला आपला एक, आणि दोघेही आपापले पत्ते वाटत बसलेले. एका संगणकाचा पत्ता १९२.१६८.१ ने आणि दुसऱ्याचा १९२.१६८.० ने सुरू होत असेल, तर हेच झालंय असं समजा. दुसरा राउटर ‘अ‍ॅक्सेस पॉइंट मोड’मध्ये टाका, म्हणजे पत्ते एकच राउटर वाटेल. व्हीपीएन चालू असेल तर तेही क्षणभर बंद करून बघा.

किल्ली चुकते तेव्हा

सर्वांत जास्त वेळ इथे वाया जातो. लॅपटॉप उघडताना टाकतो तो पिन नेटवर्कवर चालत नाही. तो फक्त त्याच यंत्रापुरता असतो. खात्याचा खरा पासवर्ड लागतो, आणि मायक्रोसॉफ्ट खातं असेल तर नावाच्या जागी ईमेल. पासवर्डच नसलेल्या स्थानिक (त्याच संगणकापुरत्या, मायक्रोसॉफ्टशी न जोडलेल्या) खात्याला तर विंडोज नेटवर्कवरून आत घेतच नाही, म्हणून सोय म्हणून पासवर्ड काढणाऱ्यांचं काम आणखी बिघडतं.

आमच्या मते सरळ उपाय एकच: फाइल्स असलेल्या संगणकावर शेअरिंगसाठी वेगळं स्थानिक खातं बनवा, त्याला पासवर्ड द्या आणि दुसऱ्या संगणकावर तेच वापरा. नाव विचारल्यावर आधी त्या संगणकाचं नाव, मग एक उलटी तिरपी रेघ आणि मग खात्याचं नाव लिहा. पासवर्डशिवायच्या पाहुण्या प्रवेशाच्या मागे लागू नका. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून तो विंडोजच्या ‘प्रो’ प्रकारातही आपोआप बंद असतो.

पासवर्ड बदलल्यावरही विंडोज जुनाच पाठवत राहून प्रवेश नाकारला जात असेल, तर साठवलेले पासवर्ड ठेवणाऱ्या ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मधली त्या संगणकाची जुनी नोंद काढा आणि एकदा साइन आउट करा.

आत शिरलात, पण फाइल सेव्ह होत नाही? फोल्डरला दोन परवानग्या असतात: एक ‘शेअरिंग’ टॅबमध्ये, दुसरी ‘सिक्युरिटी’ टॅबमध्ये. दोन्हींत जी कडक, ती लागू होते. शेअरिंगमध्ये ‘फुल कंट्रोल’ देऊन सिक्युरिटीत ते खातं जोडलंच नाही, तर उपयोग शून्य. त्याच ड्राइव्हवरून कट करून आणलेली फाइल जुन्या परवानग्या घेऊन येऊ शकते, म्हणून एखादीच फाइल अडत असेल तर तिचा सिक्युरिटी टॅब बघा.

जुना नेटवर्क ड्राइव्ह उघडावा म्हणून एसएमबी १ (विंडोजच्या फाइल शेअरिंगच्या प्रोटोकॉलची, म्हणजे नियमावलीची, जुनी आवृत्ती) परत चालू करण्याचा सल्ला अजून फिरतो. तो मानू नका. मे २०१७ मधला वॉनाक्राय व्हायरस याच प्रोटोकॉलच्या भोकातून पसरला होता. उपकरणाच्या सेटिंगमध्ये एसएमबी २ किंवा ३ मिळतं का ते पाहा. आणि राउटरवर ४४५ क्रमांकाचं पोर्ट इंटरनेटसाठी कधीही उघडू नका.

चालतं, पण रखडतं

दोन्ही संगणक वाय-फायवर असले की प्रत्येक फाइल हवेतून दोनदा जाते, आधी राउटरपर्यंत आणि मग तिथून पुढे. एक संगणक केबलने जोडला तरी मोठा फरक पडतो. केबल लावूनही वेग सेकंदाला ११ एमबीच्या आसपास अडकत असेल, तर राउटरचा पोर्ट १०० मेगाबिटचा आहे किंवा केबलच्या चार जोड्यांपैकी एखादी तुटली आहे. गिगाबिटला चारही लागतात. या वेगाने १० जीबीला साधारण १५ मिनिटं जातात. हजारो छोट्या फाइल्स असतील तर आधी झिप करा, कारण प्रत्येक फाइलमागे दोन्ही संगणकांची वेगळी देवाणघेवाण होते.

काल चालणारा शॉर्टकट आज बंद असेल, तर आधी समोरचा संगणक स्लीपमध्ये गेलाय का ते पाहा. नसेल, तर राउटरने पत्ता बदलून दिला असेल. राउटरच्या डीएचसीपी (पत्ते वाटणाऱ्या सोयीच्या) यादीत त्या संगणकासाठी पत्ता राखून ठेवा.

वाय-फायवरून मोठा डेटा ‘कट’ करून हलवू नका. कॉपी करा, उघडून तपासा, मगच मूळ फाइल पुसा. नेटवर्कवरच्या फोल्डरमधून पुसलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही.