हिस्टोग्रामचा रंग चुकतोय? रंग कुणाला दिलाय ते आधी पाहा

पायथनमध्ये मॅटप्लॉटलिब ही आलेख काढायची लायब्ररी वापरून हिस्टोग्राम (आयतालेख) काढला, रंग दिला आणि एरर आली किंवा भलतंच काही दिसलं, तर रंगाचं नाव बहुतेक वेळा बरोबरच असतं. आपल्याला वाटतं त्याला तो रंग मिळतच नसतो, गोची तिथे असते. म्हणून रंग बदलत बसण्याआधी पुढच्या क्रमाने तपासा. (इथे देवनागरीत दिलेली नावं कोडमध्ये अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची.)

आधी कोड छाटा. स्टाइल, शीर्षक, लेजंड तात्पुरतं काढून ‘हिस्ट’ या हिस्टोग्राम काढणाऱ्या फंक्शनला फक्त डेटा आणि ‘कलर’ द्या. रंग साधा, ‘रेड’. स्तंभ लाल झाले तर गडबड छाटलेल्या ओळींत आहे. एकेक ओळ परत जोडत जा. एरर आली तर स्पेलिंग पाहा. शाळेत आपण ‘कलर’मध्ये ‘यू’ घालायला शिकलो, मॅटप्लॉटलिबला मात्र ‘यू’शिवायचं अमेरिकन स्पेलिंगच लागतं. रंग तीन आकड्यांत (लाल, हिरवा, निळा) देत असाल तर ते ० ते १ मधले हवेत. ० ते २५५ मधले असतील तर प्रत्येकाला २५५ ने भागा.

रंग आला, पण सगळे स्तंभ एकमेकांत मिसळून एकच ठोकळा दिसतोय? दहावीच्या वहीत आयतालेख काढताना आपण प्रत्येक स्तंभाला कडा काढायचो. मॅटप्लॉटलिबने २०१७ च्या २.० आवृत्तीपासून ही कडा आपणहून काढणं बंद केलं. ‘एजकलर’ला ‘व्हाइट’ किंवा ‘ब्लॅक’ द्या, स्तंभ सुटे दिसतील.

आता सगळ्यात जास्त अडवणारी चूक. स्तंभ दहा म्हणून दहा रंगांची लिस्ट दिली की कोड एरर देतो. ‘हिस्ट’च्या हिशेबाने लिस्टमधला एक रंग एका डेटासंचाचा असतो, एका स्तंभाचा नव्हे. स्तंभ वेगवेगळे रंगवायचे असतील तर ‘हिस्ट’ परत करतो त्या तीन गोष्टी पकडा: प्रत्येक स्तंभातली संख्या, वर्गांच्या सीमा आणि खुद्द स्तंभ. मग लूप फिरवून एकेका स्तंभाला ‘सेट_फेसकलर’ने रंग द्या.

समजा, परीक्षेच्या गुणांचा आलेख आहे आणि ३५ च्या खालचे स्तंभ लाल हवेत. लूप बरोबर लिहूनही इथे आलेख खोटं बोलू शकतो. सीमा तुम्ही दिल्या नाहीत तर सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त गुणांमधल्या अंतराचे सरळ दहा सारखे भाग पडतात, आणि ३५ एखाद्या स्तंभाच्या मधोमध अडकतो. मग पास झालेली मुलंही लाल स्तंभात जातात. त्यामुळे ० ते १०० अशा ५-५ च्या सीमा ‘बिन्स’मध्ये स्वतः द्या. त्यासाठी पायथनचं ‘रेंज’ फंक्शन वापरत असाल तर शेवटचा आकडा १०१ लिहा, नाहीतर १०० गळून पडेल. बरोबर ३५ गुण ३५-४० च्या वर्गातच मोजले जातात, त्यामुळे काठावर पास झालेल्यावर अन्याय होत नाही.

शाळेतल्या दोन तुकड्यांचे गुण एकावर एक काढले तर मागचे स्तंभ झाकले जातात. ‘अल्फा’ (० म्हणजे पूर्ण पारदर्शक, १ म्हणजे अजिबात नाही) ०.५ ठेवा. जिथे दोन्ही एकमेकांवर येतात तिथे तिसराच रंग दिसेल. ती चूक नाही, मिश्रण आहे.

मॅटप्लॉटलिबवर उभारलेल्या सीबॉर्न या लायब्ररीचा ‘हिस्टप्लॉट’ वापरत असाल तर ‘ह्यू’ (कोणत्या गटानुसार रंग वेगळे करायचे ते) दिल्याशिवाय ‘पॅलेट’चा (रंगांच्या संचाचा) काही उपयोग होत नाही; एकच रंग हवा असेल तर ‘कलर’ द्या. तो फिका वाटेल, कारण सीबॉर्न स्तंभ मुळातच थोडे पारदर्शक ठेवतो. ‘अल्फा’ १ केला की रंग पूर्ण उतरतो.

पास-नापाससाठी लाल आणि हिरवा ही जोडी मात्र टाळा. रंगांधळेपणात बहुतेकांना नेमके हेच दोन वेगळे ओळखणं अवघड जातं. नापासांना नारिंगी आणि पास झालेल्यांना निळा द्या.