परदेशातल्या मिशनवरून गावी परतताना: सांगली-साताऱ्यातल्या ख्रिस्ती सेवकांसाठी तयारीची यादी

तिकीट सगळ्यात शेवटी काढायचं. त्याआधीचे सहा महिने परदेशात असतानाच उरकायच्या कामांसाठी ठेवा, कारण मिरजेत बसून ईमेल पाठवत राहिलात तर एका सहीसाठी महिनोन् महिने जातात. संस्थेकडून सेवाकाळाचं पत्र घ्या. त्यात सुरुवातीची आणि शेवटची तारीख आणि कामाचं स्वरूप असू द्या. कार्यमुक्तीचं पत्र वेगळं घ्या आणि शेवटच्या मानधनाचा हिशेबही लेखी मागा. तिथल्या पोलिसांचा चारित्र्याचा दाखला तिथेच सोपा मिळतो. मुलांचे निकाल आणि शाळा सोडल्याचा दाखला सही-शिक्क्यासह आणा, इंग्रजीत नसतील तर प्रमाणित भाषांतरही. मूल परदेशात जन्मलेलं असेल तर भारतीय वकिलातीत नोंद झाली आहे का, ते पाहून घ्या. ही नोंद जन्मापासून वर्षाच्या आत व्हायला हवी, उशीर झाला तर परवानगीची वाट पाहावी लागते.

आफ्रिकेतून किंवा दक्षिण अमेरिकेतून येणाऱ्यांनी पीतज्वराच्या लसीचं कार्ड पासपोर्टमध्येच ठेवावं. लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घेतलेली हवी. कार्ड नसेल तर विमानतळावरून थेट विलगीकरणात, तेही सहा दिवसांपर्यंत. घरी आल्यावर पहिल्या वर्षात ताप आला तर डॉक्टरांना लक्षणांआधी देशाचं नाव सांगा. पावसाळ्यात इकडे ताप म्हटलं की डेंग्यू किंवा साधा व्हायरल समजतात. आफ्रिकेतला फॅल्सिपेरम हा मलेरियाचा घातक प्रकार उशिरा ओळखला तर जिवावर बेततो. रक्ताची मलेरिया तपासणी आपणहून मागायला लाजू नका.

गावी पोचल्यावर पहिलं काम आधारचं. जुना मोबाइल नंबर बंद पडलेला असतो, त्यामुळे ओटीपी येत नाही, आणि ओटीपीवाचून बँक, पॅन, शाळा, रेशनकार्ड सगळंच अडतं. आधार केंद्रात स्वतः जाऊन नंबर बदला, मग पॅन-आधार जोडणी पाहा. त्यानंतर बँक. कायमचे परत आल्याचं बँकेला लेखी कळवून एनआरई आणि एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीय म्हणून चालवलेली, खाती निवासी करून घ्या. एनआरई म्हणून मिळणारी व्याजावरची करमाफी इथून पुढे लागू राहत नाही, हे बरेच जण विसरतात. परकीय चलन तसंच ठेवायचं असेल तर आरएफसी, म्हणजे निवासी परकीय चलन खातं, उघडता येतं. आर्थिक वर्षात भारतात किती दिवस राहिलात यावर कर ठरतो आणि त्यात १८२ दिवसांचा आकडा महत्त्वाचा असतो. म्हणून पासपोर्टवरचे शिक्के घेऊनच सीएकडे जा, अंदाजाने सांगू नका.

आता सगळ्यात नाजूक बाब, पैसा. कुटुंबाचा सहा महिन्यांचा घरखर्च वेगळ्या खात्यात असल्याशिवाय इथल्या सेवेची घोषणा करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. बहुतेक जण पाठिंबा देणाऱ्यांना 'पाहू पुढे' एवढंच सांगतात. तसं न करता मदत कोणत्या महिन्यात थांबेल, ते कळवून टाका. घोळ होतो तो यानंतर. ओळखीचे परदेशी मित्र प्रेमाने तुमच्या बचत खात्यात 'सेवेसाठी' रक्कम पाठवतात. एफसीआरए, म्हणजे परकीय योगदान (नियमन) कायदा, २०१०, धार्मिक किंवा सामाजिक कार्यक्रमासाठी घेतलेल्या परदेशी पैशाला नोंदणी किंवा पूर्वपरवानगी मागतो. रक्कम लहान आहे किंवा मनापासून दिली आहे, ही सबब चालत नाही. फरक नीट समजून घ्या. परदेशात राहणाऱ्या, पण भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेलं परकीय योगदान धरलं जात नाही. त्याच्याच शेजारच्या ओसीआय कार्डधारकाने, म्हणजे भारतीय वंशाच्या पण परदेशी नागरिकाने, दिलेलं धरलं जातं. नोंदणीसाठी संस्था साधारण तीन वर्षं जुनी हवी आणि त्या काळात तिने मूळ कामावर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले हवेत. नवख्या संस्थेला पूर्वपरवानगीचाच रस्ता उरतो, आणि तीही ठरलेल्या देणगीदाराकडून, ठरलेल्या रकमेसाठी, ठरलेल्या कामासाठी मिळते. नोंदणी असलेल्या ओळखीच्या संस्थेच्या खात्यातून पैसे फिरवून घेऊ, ही युक्ती सुचवणारे भेटतील. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा निधी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही.

आपल्या भागात याला आणखी एक पदर आहे. मिरजेचं मिशनरी डॉक्टर वॉनलेस यांचं रुग्णालय १८९४ पासूनचं, त्यामुळे 'मिशन' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे दवाखाना, बंगला आणि बाहेरचा पैसा येतो. तुम्ही परत आलात की नोकरी, फी, ऑपरेशन यांसाठी माणसं दारात येतील. नाही म्हणायचं वाक्य आधीच ठरवून ठेवा, नवरा-बायकोने एकच वाक्य. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला, तो उगीच नव्हे.

आता मंडळीकडे, म्हणजे आपल्या चर्चकडे, वळू. येण्याच्या महिनाभर आधी पाळकसाहेबांना पत्र लिहा, फोनही करा, आणि सभासदत्वाचं पत्र जिथे होतं तिथून मागवून घ्या. पहिल्या रविवारी साक्ष द्यायचा, म्हणजे सेवेतला अनुभव सांगायचा, आग्रह होईल. १२ मिनिटं आणि ८ फोटो, त्याहून जास्त नको. तिथल्या गरिबीचे फोटो दाखवू नका. ज्यांचे फोटो आहेत त्यांना तुम्ही विचारलेलं नसतं. पहिले तीन महिने काहीही नवीन सुरू करू नका. उपासनेला बसा, मयतीला जा, तरुण संघाच्या बैठकीत मागच्या रांगेत ऐका. तुम्ही नसताना कोणाचं कोणाशी फाटलं, कोणत्या पंचाने राजीनामा दिला, स्मशानभूमीच्या जागेचा वाद कुठे आला, हे कळल्याशिवाय केलेली प्रत्येक नवी प्रार्थना सभा कोणाला तरी आपल्याविरुद्ध काढलेली वाटते. मंडळी फुटते ती बहुधा इथेच.

त्यातही हंगाम पाहा. ऊसतोड सुरू झाली की गळीत हंगाम संपेपर्यंत शेतकरी कुटुंबाला संध्याकाळची सवड नसते. तासगाव भागात ऑक्टोबरच्या छाटणीत आणि फेब्रुवारी-मार्चच्या द्राक्षकाढणीत घरभेटीला गेलात तर चहा मिळेल, पण कान मिळणार नाहीत. जत-आटपाडीकडे उन्हाळ्यात पाण्याच्या खेपा असतात, पाटण-जावळीत पावसाळ्यात रस्ते जातात. घरभेटींचं वेळापत्रक गावनिहाय करा, साऱ्या जिल्ह्याला एकच नको.

स्वतंत्र काम काढायचंच असेल तर वर्षभराने. सोसायटी नोंदवायला १८६० च्या कायद्याप्रमाणे किमान सात माणसं लागतात. सातही जण एकाच घरातले घेऊ नका, पहिल्याच भांडणात संस्था बंद पडते. सार्वजनिक न्यास झाल्यापासून तीन महिन्यांत धर्मादाय कार्यालयात अर्ज, आणि विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अहवाल. हा अहवाल राहून जातो आणि दहा वर्षांनी जमिनीच्या वेळी आठवतो. ८०जी म्हणून ओळखली जाणारी देणगीवरच्या करसवलतीची मान्यता मिळाल्यावरही २,००० रुपयांपुढच्या रोख देणगीवर देणाऱ्याला करसवलत मिळत नाही, तेव्हा चेक किंवा यूपीआय मागा. दानार्पणाची पेटी दोन माणसांनी मोजावी, आकडा त्याच दिवशी वहीत उतरवावा आणि दोघांनी सही करावी.

लग्न लावायची घाई नको. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा, १८७२ हा लग्न कोणी लावायचं ते ठरवतो. बहुतेक स्वतंत्र मंडळ्यांच्या पाळकांना शासनाचा परवाना लागतो. तो नसेल तर नोंद अडते आणि मनस्ताप त्या जोडप्याला होतो.

जागा भाड्याची घेतलीत तर लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवलेला हवा, ११ महिन्यांचा असला तरी. त्यात 'प्रार्थनेसाठी वापर' असं लिहून घ्या. फक्त राहण्यासाठी म्हणून घेतलेल्या खोलीत ४० माणसं गायला लागली की घरमालकाला तक्रारीचं निमित्त मिळतं. लाउडस्पीकर लावायचा तर पोलिसांची लेखी परवानगी घ्या. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर तो बंद, आणि निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल. कीबोर्ड आणि ढोलकी खोलीत वाजली तरी खिडकीबाहेर किती ऐकू येतं, ते एकदा स्वतः बाहेर उभं राहून ऐका. बाप्तिस्म्याचे आकडे, नावं, चेहरे असलेली पत्रकं परदेशात किंवा व्हॉट्सअॅपवर पाठवू नका. त्या माणसाच्या नातेवाइकांच्या, शाळेतल्या नोंदींच्या, जातीच्या दाखल्याच्या प्रश्नांत तुम्ही नसता, तो असतो.

जागा सांगली शहरात असेल तर पूररेषा पाहूनच घ्या. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. नोंदवह्या, न्यासाची कागदपत्रं आणि तुमचे दाखले तळमजल्यावर ठेवू नका. मूळ प्रती प्लास्टिकच्या पिशवीत वरच्या मजल्यावर, स्कॅन प्रती दोन ठिकाणी, आणि त्यातली एक गावाबाहेरच्या नातेवाइकाकडे.