झोप सोलंगला, इंटरव्हल कुल्लूला

"सर, माउंटन बाइकच्या रेसआधी महिनाभर महाबळेश्वरला राहू का?" पुण्या-नाशिकच्या पोरांचा हा ठरलेला प्रश्न. राहा की, स्ट्रॉबेरी खा! पण विरळ हवेत राहायचं ते रक्तातल्या तांबड्या पेशी वाढाव्यात म्हणून, आणि १,३५० मीटरवर त्यात फारसा फरक पडत नाही. आपलं कळसूबाईचं शिखरही १,६४६ मीटरच. मुक्कामाला निदान २,१०० ते २,५०० मीटर हवेत. म्हणून थेट लेह गाठणंही नको. ३,५०० मीटरवर झोप बिघडते आणि जोरात पॅडल मारता येत नाही, त्यामुळे पायातला वेग जातो.

माझी पसंती मनालीच्या खोऱ्याला. मुक्काम सोलंगला, साधारण २,५०० मीटरवर. कष्टाचे इंटरव्हल (मध्ये दम घेत मारलेले जोराचे पल्ले) खाली कुल्लूला, १,२०० मीटरच्या आसपास. लेव्हीन आणि स्ट्रे-गुंडरसन या संशोधकांनी १९९७ साली धावपटूंवर हीच पद्धत तपासली होती, २,५०० आणि १,२५० मीटरवर.

निघायच्या दीड महिना आधी फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, रक्तातून तपासा. लोहच कमी असेल तर तांबड्या पेशी बनणार कशातून? गोळ्या डॉक्टरांना विचारूनच, आणि चहासोबत अजिबात नको.

पहिला आठवडा गप्पा मारता येतील इतपतच चालवा. पॉवर मीटरवरचे (पॅडलची ताकद मोजणाऱ्या यंत्रावरचे) पुण्याचे आकडे तिथे निघणार नाहीत, त्यांच्यामागे लागू नका. डोकं दुखतंय, मळमळतंय, तर राइड बंद. वाढलं तर खाली उतरा.

दुसऱ्या आठवड्यापासून आठवड्याला दोन दिवस सायकल गाडीवर टाकून कुल्लूला. एक्ससीओ, म्हणजे माउंटन बाइकची क्रॉस-कंट्री रेस, हे दीडेक तास नुसते झटके: चढावर जीव काढायचा, उतारावर श्वास गोळा करायचा. सोलंगला हा श्वास लवकर परत येत नाही, मग तिसऱ्याच चढाला पॉवर गळते. म्हणून तीन मिनिटांचे पाच चढ खालीच मारा, पूर्ण ताकदीने. बाकी दिवस वर सोपं पेडलिंग.

ट्यूबलेसवाल्यांनो, पुण्यात भरलेली हवा सोलंगला गेजवर सुमारे ३ पीएसआय जास्त दिसते (थंडीने थोडी उतरते, ते वेगळं). २० पीएसआयवर चालवणाऱ्याला हा फरक लगेच कळतो. कुल्लूला उतरलात की आकडा खाली येतो, म्हणून पुन्हा मोजा, नाहीतर दगडावर रिम आपटेल.

असं तीन ते चार आठवडे. मे-जूनमध्ये त्या रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्यांची रांग असते, सप्टेंबर बरा. परतल्यावर रेस पहिल्या दोन-तीन दिवसांत, नाहीतर दोन-तीन आठवड्यांनी. मधल्या दिवसांत पाय जड वाटले तरी ट्रेनिंग वाढवू नका.