ईडीआय जोडण्याआधी: युरोपला माल पाठवणाऱ्या कारखान्याची तयारी

चाकण-रांजणगाव पट्ट्यातला सुटे भाग बनवणारा कारखाना युरोपातल्या गाडी कंपनीचा पुरवठादार झाला, की ईडीआयची (ऑर्डर, बिलं वगैरे एका कॉम्प्युटर सिस्टीममधून थेट दुसऱ्या सिस्टीमला पाठवण्याची) अट लवकरच समोर येते. मग बैठका भरतात आणि सगळी चर्चा फाइली पाठवण्याची पद्धत एएस२ घ्यायची की ओएफटीपी२ यावरच रंगते. खरं तर हे सगळ्यात लवकर उरकणारं काम. पब्लिक स्टॅटिक आयपी घ्यायचा, फायरवॉल आत-बाहेर दोन्ही बाजूंनी उघडायची (टीएलएस या सुरक्षित जोडणीवरच्या ओएफटीपी२ला सहसा ६६१९ पोर्ट) आणि ओळख पटवणारं डिजिटल सर्टिफिकेट कधी संपतं ते दोघांच्या कॅलेंडरवर टाकायचं. सर्टिफिकेट संपल्यावर फाइली येणं बंद होतं आणि आपल्या बाजूला एरर दिसेलच असं नाही. एसएफटीपी (फाइल पाठवण्याची आणखी एक पद्धत) असेल तर फाइल तात्पुरत्या नावाने लिहून पूर्ण झाल्यावरच नाव बदला, नाहीतर समोरची यंत्रणा अर्धवट फाइल उचलते.

पहिली मागणी ग्राहकाच्या मेसेज-मार्गदर्शिकेची (फाइलीत कुठे काय येतं ते सांगणाऱ्या कागदाची) करा आणि सोबत खऱ्या आकड्यांच्या दोन-तीन नमुना फाइली मागा. नुसतं ‘डेलफोर पाठवतो’, म्हणजे मागणीचं वेळापत्रक पाठवतो, म्हणून भागत नाही. आवृत्ती डी९६ए की डी०४ए, पक्की मागणी आणि अंदाज वेगळे कसे दाखवतात, तारीख आठ अंकी येते की वेळेसकट बारा अंकी, हे आधी कळायला हवं. मार्गदर्शिका आणि नमुना जुळत नसतील तर लेखी विचारा. उत्तर येईपर्यंत फाइलीतलं खरं धरा, कारण उद्या तशीच फाइल येणार आहे.

आता मास्टर डेटा, म्हणजे कोड आणि नंबरांची मूळ यादी. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. एका शीटवर ग्राहकाच्या प्रत्येक प्लँटचा कोड, उतरवण्याची जागा, आपल्याला दिलेला सप्लायर कोड (काही ठिकाणी नऊ अंकी डन्स, काही ठिकाणी तेरा अंकी जीएलएन, दोन्ही कंपनी किंवा जागा ओळखण्याचे नंबर), ग्राहकाचा पार्ट नंबर, आपला पार्ट नंबर आणि शेड्यूलिंग अ‍ॅग्रीमेंटचा (वेळापत्रकाप्रमाणे पुरवठ्याच्या कराराचा) नंबर अशी ओळ लावा. एकच पार्ट दोन प्लँटला जात असेल तर ओळीही दोन. पार्ट नंबरातल्या मोकळ्या जागा आणि ठिपके जसेच्या तसे हवेत. एक्सेलमध्ये तो कॉलम आधीच टेक्स्ट करून ठेवा. नाहीतर सुरुवातीची शून्यं गळतात आणि ‘१२ई०५’ सारख्या नंबरचा घातांकी आकडा होतो.

युनिटची जुळणी लिहून काढा. फाइलीत नग ‘पीसीई’ किंवा ‘सी६२’ म्हणून येतो, ईआरपीत (कारखान्याचा साठा, ऑर्डर, बिलं सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) ‘ईए’ असतो आणि जीएसटीच्या ई-इन्व्हॉइसला ‘एनओएस’ किंवा ‘पीसीएस’ लागतं. दराचं तर आणखी सांभाळा: युरोपीय ऑर्डरमध्ये दर बऱ्याचदा १०० किंवा १००० नगांचा असतो. ईआरपीत तोच दर एका नगाचा म्हणून चढला, की बिल शंभरपट किंवा हजारपट होतं आणि ग्राहकाकडून आपोआप नाकारलं जातं.

मग क्युम्युलेटिव्ह, म्हणजे ठरलेल्या तारखेपासूनची नगांची एकूण बेरीज. डेलफोरमध्ये ग्राहक सांगतो की वर्षाच्या सुरुवातीपासून त्याला ४८,००० नग मिळाले आणि अमुक तारखेपर्यंत एकूण ६०,००० हवेत. आपण ५२,८०० पाठवलेले आहेत, म्हणजे ४,८०० नग न्हावा-शेवाहून निघून समुद्रात आहेत. खरी गरज ७,२०० नगांची. ईआरपी वाटेतला माल धरत नसेल तर प्लॅनिंगला १२,००० दिसतात आणि जादा उत्पादन लागतं. म्हणून चालू करण्याच्या दिवशी दोन्हीकडचा आकडा, ग्राहकाने जमा धरलेल्या शेवटच्या चलनाचा नंबर आणि क्युम्युलेटिव्ह शून्यावर आणण्याची तारीख जुळवून सही घ्या. ती तारीख आपली १ एप्रिल असेल असं गृहीत धरू नका. परत आलेला किंवा तिथेच भंगारात काढलेला माल आकड्यातून वजा होतो का, हेही तेव्हाच विचारा.

डेसॅडव्ह, म्हणजे माल निघाल्याची सूचना, केव्हा पाठवायची? गाडी कारखान्याच्या गेटबाहेर पडताना, की युरोपातल्या गोदामातून माल निघताना? गोदाम मध्ये असेल तर बहुधा दुसरं, आणि मग तो मेसेज गोदामवाल्याच्या सिस्टीममधून निघायला हवा. हा प्रश्न राहून गेला तर पुढचं सगळं मॅपिंग (फाइलीतली कुठली माहिती कुठे जाते याची जुळणी) वाया जातं. स्टोअर्समध्येही काम आहे: डिस्पॅचच्या वेळी पॅलेट बदललं, नवं लेबल चिकटवलं आणि सूचनेत जुनाच नंबर गेला, तर तिथे स्कॅन होताच माल बाजूला पडतो. म्हणून लेबल-स्कॅन झाल्याशिवाय चलन निघूच नये अशी अट ईआरपीत घाला.

कोणती पोच काय सांगते, हे आयटीसोबत डिस्पॅचवाल्यांनाही समजावा. एएस२चा एमडीएन, म्हणजे पोचपावती, आला म्हणजे फाइल पोचली. कंट्रोल मेसेज आला म्हणजे तिची रचना बरोबर आहे. समोरच्या सिस्टीममध्ये तिची नोंद झाली, हे दोन्हींतून कळत नाही. आपल्याकडे सॅप ही ईआरपी असेल तर आयडॉकचा (सॅपमध्ये आलेल्या फाइलीच्या नोंदीचा) स्टेटस ५३ म्हणजे नोंद झाली, ५१ म्हणजे फाइल आली पण अडकली. ५१ची यादी रोज सकाळी कोण उघडणार, त्याचं नाव ठरवा. तो रजेवर असताना कोण, तेही.

बिलांच्या बाबतीत एक खास आपली अडचण. जीएसटीत इन्व्हॉइस नंबर जास्तीत जास्त १६ अक्षरांचा असतो, त्यात तिरकी रेघ चालते आणि आर्थिक वर्ष बदललं की मालिका पुन्हा एकपासून घेता येते. ग्राहकाच्या सिस्टीमला रेघ चालतेच असं नाही, आणि मागच्या वर्षीचाच नंबर परत आला तर ती डुप्लिकेट म्हणून फेकते. नंबरात वर्ष घाला, रेघ काढा, आणि ही मालिका मार्चअखेरीआधी चाचणीत घालून बघा.